दगडाला लागलेला हात

लिहून ठेवतो मी, सावळाराम गेणू सरोदे, वय ६९, निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, राहणार जळोची, तालुका बारामती, ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाबदबाव नाही, मरायची घाईही नाही. पण गेल्या दिवाळीपासून मन इतके हलके झाले आहे की निरवानिरव हसतमुखाने उरकून घ्यावी म्हणतो.

१. जळोचीचे दोन खोल्यांचे घर पत्नी ताईबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिला तिच्याच घरात "जरा सरकून बसा" असेसुद्धा कोणी म्हणू नये. तिच्या पश्चात घर मुलगा समाधान याचे.

२. लोणी भापकरची एक एकर जमीन समाधानची. बांध त्याच्या चुलत्यानेच कोरला आहे, मला का दिसत नाही? तरी समाधानने कोर्टाची पायरी चढू नये.

३. माझा सूक्ष्मदर्शक आणि डबीतली काचपट्टी नात साक्षी हिला. कारण सविस्तर लिहितो.

सन १९७४ मध्ये आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत आकाशातून पडलेला एक दगड आला. दुसऱ्या ग्रहावर कधी जीव होता का, याची खूण त्यात शोधायची होती. अशा कामात आधी आपली खूण पुसावी लागते. म्हणून भांडी आम्लात धुणे, भट्टीत तापवणे, हातमोजे घालून दगड कुटणे हे सगळे माझ्याकडे. भुकटीत एक काटेरी गोल कण दिसला. आमचे प्रमुख डॉ. आबासाहेब व्यवहारे यांनी तो परग्रहावरचा जीव म्हणून जाहीर केला. पुढच्या वर्षी परदेशात तपासायला पाठवलेल्या भुकटीचे उत्तर आले, कण पृथ्वीवरचाच आहे. चौकशी झाली. अहवालात आले, "साहाय्यकाचा उघडा हात लागला असावा."

बढती गेली, भांडारात बदली झाली. जेवताना एकजण म्हणाला, "यांचा विटाळ दगडालाही झाला की!" सगळे हसले. छप्पन साली दीक्षा घेऊन जे मागे टाकले, ते पुन्हा ताटापाशी आले. तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरे सांगतो, शंका मलाही होती. घरी हात इतके धुवायचो की ताईबाई ओरडायची, "अवो, कातडं निघंल! असं काय केलंय तुमी?"

गेल्या ऑगस्टात मंगळावरून आलेल्या दगडात जीवाची खूण दिसल्याची बातमी पेपरात आली. साक्षी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. दिवाळीला तिने त्या कणाची मी जपून ठेवलेली काचपट्टी मागितली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि म्हणाली, "आजोबा, हा तर झेंडूचा पराग हाय!"

मग आठवले. दगड कुटण्याआधी खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा झाली होती. हळदकुंकू, झेंडूची फुले, आणि नवा म्हणून तो दगडही पाटावर. कोणालाच वावगे वाटले नाही, मलाही नाही. मी पूजा करत नाही, म्हणून व्हरांड्यात उभा होतो. अहो, दगडाला फुले लागली तेव्हा मी खोलीतच नव्हतो! इतका हसलो की ताईबाईला वाटले, झटका आला. मग रडलोही. माझ्या हातांत खोट नव्हती.

४. डॉ. व्यवहारे हल्ली इंदापूरला असतात. त्यांना सारे पत्राने कळवले आहे. फिर्याद नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्यांच्यासाठी ठेवली आहे. आज रविवारी चारपर्यंत वाट पाहीन. न आल्यास शेजारच्या कुशाबाई सही करतील, माझे काही अडत नाही. आले तर मात्र फार बरे वाटेल.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि राजीखुशीने खाली सही केली.

ठिकाण : जळोची
दिनांक : १६ मार्च १९९७

(सही) सावळाराम गेणू सरोदे

साक्षीदार :
१. (सही) सिद्धू रामा खरात, जळोची

२. सावळारामरावांनी माझ्यासमोर सही केली. कलम तीन वाचले. दगड पाटावर मी ठेवला होता. परदेशच्या उत्तरात "फुलाचा पराग" असे स्पष्ट लिहिले होते. ते पान मी चौकशीपुढे ठेवले नाही.
(सही) आबासाहेब व्यवहारे, इंदापूर