तो पडतो तिथपर्यंत

अमरावती
६ डिसेंबर २००५

ती. दादास अबोलीचा शि. सा. न. वि. वि.

ज्यानं त्याले मरताना पाह्यलं, त्याले माह्यासमोर उभं करा, मंग मी कुंकू पुसतो. गोदूआत्या हे बोलली तेव्हा आपण दोघंही जन्मलो नव्हतो. पण घरात ते इतक्यांदा सांगितलं गेलं, की तिनं अंगणात उपडी केलेली टोपली आणि त्यातली पळसाची पानं मला पाहिल्यासारखी दिसतात. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पानांचा पुतळा करून जाळायचा, तो पालाशविधी आजोबांना उरकायचा होता. तिनं उरकू दिला नाही. तिचे यजमान वामनराव दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पलटणीत कारकून होऊन ब्रह्मदेशाकडे गेले आणि 'बेपत्ता' एवढी एक तार आली. तेव्हापासून आत्या आपल्या घरी आहे. सवाष्ण आहे. आणि एकही रात्र अकोल्याबाहेर राहिलेली नाही. तो आला आणि मी नसली तं, असं म्हणत ती माझ्या लग्नालाही आली नाही.

हे सगळं तुला ठाऊक असलेलं पुन्हा लिहितेय, कारण तुझ्या लेकानं मला पेचात टाकलंय. गौरांगची पुण्याची मंडळी युद्धावरचा कार्यक्रम करताहेत. त्यासाठी विलायतेतून जुन्या फिल्मा आल्या. त्यातल्या एकीत गोरा अधिकारी पिस्तूल घेऊन टेकडी चढतो, मागून आपले शिपाई संगिनी रोखून धावतात, आणि त्यातला एक गोळी लागून पडतो. आवाज नाही, मिनिटभराचं काम. गौरांग म्हणतो, पडणाऱ्याचे ते बाहेर आलेले कान आपल्या बैठकीतल्या वामनरावांच्या फोटोतलेच आहेत. मला खात्री नाही. फोटोत चष्मा आहे, इथे नाही.

तेवढा तुकडा उतरवलेली सीडीची चकती सोबत ठेवलीय. तू बघ, पण आत्याला दाखवू नकोस. फोन केला असता, पण तो तिच्या खाटेशी, आणि तू फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतोस की साऱ्या जठारपेठेला कळलं असतं. म्हणून हे पत्र कोर्टातल्या वकिलांच्या खोलीवर.

वहिनीला नमस्कार. मी घाबरट आहे असं म्हणशील, म्हण. पण माया पातळ करू नकोस.

तुझी
अबोली

*

अकोला
४ जानेवारी २००६

चि. अबोलीस हेमचंद्रचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी ओरडून घे, मग पुढचं वाच. आत्यानं ती फिल्म पाहिली.

मी दाखवली नाही. खालच्या दुकानातला शाहनवाज लग्नांची शूटिंग करतो, त्याला चकती लावायचं यंत्र घेऊन वर बोलावलं. दुपारची वेळ, आत्या झोपली होती असं आम्ही धरून चाललो. तो माणूस पडला आणि मी मागे वळलो, तर ती दारात उभी. मी काही बोलायच्या आत तिनं शाहनवाजला सांगितलं, बापू, पुन्हा लाव. मग पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी त्या पोराचेच डोळे भरले. मी म्हटलं, आत्या, चष्मा नाही, दुसराच कोणी असेल. त्यावर ती म्हणाली, चष्मा काढला की तो असाच दिसे, तुमी कोणी पाह्यला नाई.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन सौ.ला म्हणाली, भटजीले बोलावा. अवसेला मोर्णा नदीकाठी विधी केला. पळसाची पानं, नारळाचं डोकं, सगळं यथासांग. बांगड्या तिनं स्वतःच उतरवल्या. सौ. रडायला लागली तर तिलाच म्हणते, तू काहून रडतं, मनगटं मोकळी झाली माही.

तुला वाटत असेल तशी ती खचलेली नाही. उलट जेवण वाढलंय. इतकी वर्षं वाटेकडे डोळे लावून बसायची त्या खिडकीपासून खाट हलवून आतल्या खोलीत नेली. आणि ऐक, पाडवा झाला की ती तुझ्याकडे राहायला येणार म्हणते. अंबादेवीचं दर्शन घ्यायचंय, आणि तुझं स्वयंपाकघर पाहायचंय, कारण तू त्याचं नुसतं वर्णन करतेस असा तिला संशय आहे.

तिच्या नावाआधी आता 'सौ.' लिहू नकोस. मला 'गं. भा.' लिहिताना हात जड झाला, तुलाही होईल.

आठवण ठेव, आणि रागावणं एका पत्रात संपव.

तुझा
दादा

*

अमरावती
२० जानेवारी २००६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. आत्या येणार म्हणून मी खरंच भिंतींना चुना द्यायला माणूस सांगितला. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

दिल्लीच्या एका वाहिनीची माणसं आली होती. सध्या दर आठवड्याला कोणी ना कोणी येतं, कापसाच्या गावांतली दुःखं टिपायला. त्यांना मराठी समजेना, म्हणून माझ्या कॉलेजनं मला सोबत धाडलं. अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे एका गावात जयवंता म्हणून बाई, दिवाळीत तिचा नवरा गेला. ती दारातून बाहेर आली तेव्हा उजेड बरोबर पडला नाही, म्हणून कॅमेरावाल्यानं तिला पुन्हा आत पाठवलं. ती पुन्हा आली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आत जाताना तिनं मला हळूच विचारलं, बाई, आता निंगता निंगता रडू का बसल्यावर रडू? मला ते त्या माणसाला हिंदीत सांगवेना. मी म्हटलं, तुम्ही पाणी प्या.

परतताना जीपमध्ये एकदम त्या फिल्मचं मनात आलं. दादा, शिपाई कॅमेऱ्याकडे धावत येतात. म्हणजे कॅमेरा त्यांच्या समोर होता. समोर तर शत्रू असतो ना? तिथं तिवई रोवून कोण उभं राहील? आणि वामनराव कारकून होते. चष्म्याशिवाय ज्याला हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं असं तूच सांगायचास, तो संगीन घेऊन टेकडी चढतो?

मी गौरांगला फोन केला. तो म्हणाला, पुष्कळदा लढाई संपल्यावर मागच्या तळावर, हाताशी असतील ती माणसं घेऊन, असे प्रसंग पुन्हा उभे करत. आणि आपल्याला पाठवलेला तुकडा त्याच्या माणसांनी कापलेला आहे, तो पडतो तिथपर्यंतच. पुढचा तुकडा मी मागवलाय.

मला चुकीची ठरव, मला बरं वाटेल. आणि तेवढ्यावरून परकी करू नकोस.

तुझी
अबोली

*

अकोला
२७ जानेवारी २००६

चि. अबोलीस अनेक आशीर्वाद.

मागवू नकोस. मागवलं असशील तर उघडू नकोस.

तू इतिहास शिकवतेस, तुला खरं काय ते हवं असतं. मी वकील आहे, मला निकाल हवा असतो, आणि तो लागलेला आहे. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सौ.कडे गल्लीतल्या बायका आल्या. आजवर पहिलं कुंकू आत्याला लागायचं, हे तुला माहीत आहे. यंदा ती आत शेंगा सोलत बसली होती. मला वाटलं, हिला लागलं असेल. डोकावलो तर ती गुणगुणत होती. पन्नाशीला टेकलोय मी, आत्याला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

आता तू तिला सांगणार, की तुझ्या डोळ्यांदेखत तो मेला ते खोटं होतं? मग तिनं काय करायचं? बांगड्या परत भरायच्या? जाळलेला पुतळा परत आणायचा? खाट पुन्हा खिडकीशी न्यायला मला सांगेल ती, आणि मला न्यावी लागेल.

वडीलकीच्या नात्यानं सांगतो, हा विषय इथे बंद. बाकी क्षेम आहे, तसं राहू दे.

तुझा
दादा

*

अमरावती
१२ फेब्रुवारी २००६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

उघडली.

तो पडतो. मग धूर, दोन माणसं त्याच्यावरून उडी मारून पुढे जातात. आणि मग तो उठतो. कोपरावर टेकून इकडे तिकडे बघतो, झालं का, असं विचारल्यासारखा. विजार झटकतो. बाजूनं एक हात येतो आणि त्याला चष्मा देतो. तो चष्मा घालतो, दादा, आणि मग तो आपल्या बैठकीतला फोटोच होतो. कोणीतरी काही बोलतं, तो खूप हसतो. तिथे फिल्म संपते.

त्यानंतर त्यांचं काय झालं, कुणालाच माहीत नाही. तारेत होतं तेवढंच आपल्याला माहीत आहे, बेपत्ता.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू चुकतोस असं म्हणता येत नाही. पण ती पाडव्यानंतर इथे येईल, माझ्याशेजारी झोपेल, आणि माझ्या पोटात हे असेल. तिच्या नवऱ्याला ज्यांनी खोटं मरायला लावलं त्यांच्यात मीही जाऊन बसल्यासारखं वाटतं. आणि सांगितलं, तर तिला पुन्हा त्या खिडकीत कोंडणारी मीच. कुठूनही बाहेर पडता येत नाही. तू तरी काही सुचव.

चकती कपाटात आहे. मला दूर लोटू नकोस.

तुझी
अबोली

*

जठारपेठ, अकोला
२० फेब्रुवारी

चि. अबोलीस गोदूआत्याचे आशीर्वाद. पोराबाळाइले सुखी ठेवो.

हेमूचा कोट धोब्याकडे टाकायच्या आधी खिसे पाहाचं काम माहंच हाय, हे त्याले अजून समजलं नाई, अन् म्हणे मोठा वकील. तुही मागची दोन्ही पत्रं वाचली. त्याले सांगू नको.

तू जीव खाऊन राहिली ते कमी कर. मले ठाऊक होतं. तू म्हणतं तो कॅमेरा कुठं होता, ते मले समजत नाई. पण हा लग्नाआधीपासून जुन्या शहरात गणपतीच्या नाटकात काम करे. दरसाल मरे. लग्नानंतरच्या गणपतीत मी बायकाइत बसून पाह्यलं. घरी आल्यावर मले म्हणे, मरताना तोंड लोकाईकडे ठेवा लागते, नाई तं मेलेलं कोणाले दिसत नाई. पडून दाखवे मले, त्या जुन्या खोलीत, सासूबाई काय पडलं म्हणून विचारत. शाहनवाजनं लावलं तवा तो तसाच पडला, छातीवर हात अन् तोंड आमच्याकडे. पह्यल्याच वेळी मी वळखलं, हा मरून नाई राहिला, हा नाटक करून राहिला. पुन्हा लाव म्हटलं ते खात्रीसाठी नाई. त्याले पाहाले.

मंग दोन दिवस मी इचार केला. बाबाइची टोपली उपडी केली तवा मी रागात बोलली होती. तरणी होती, राग होता. पण गावानं ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवलं. बाया माह्या पाया पडत, पोरीइची लग्नं ठरली का माह्याच हातून कुंकू लावत. पुढं पुढं मले त्याचा चेहरा नीट आठवे ना, तरी मी बसली, कारण उठली तं सारे खोटे पडत. मी वाट पाह्यली ते खरं, पण सारी वर्षं नाई. सांगावं कोणाले? तेच म्हणत, आत्या किती धीराची.

अन् त्या दिवशी हेमू अन् शाहनवाज माह्यासमोर उभे होते, त्याले मरताना पाह्यलं म्हणून. मी म्हटलं, गोदे, दार उघडं हाय, जाय. भटजीले फसवलं, हेमूले फसवलं, त्याच्या नावानं पानं जाळली. पाप असन तं माहं. तू त्यात नाई.

मी पाडव्यानंतरच्या सोमवारी येतो, हेमू यष्टीत बसवून देईन. मिरच्याचं लोणचं आणतो. तुह्या नवऱ्याले सांग, म्हातारी घोरते.

इथं सारे बरे. तुमचं बरं असो, अन् या बुढीवर जीव राहू द्या.

तुही आत्या

ता. क. एक मागणं हाय. तो उठतो, चष्मा घालतो अन् हसतो, हे वाचलं तवापासून मी चार वेळा खिडकीशी जाऊन आली. वाचून हे झालं, पाह्यलं तं काय होईन ते मले समजते. तुह्या घरात ती चकती असली तं मी पाहीन, मले थांबवता येणार नाई. म्हणून मी यायच्या आधी ती मोडून टाक. तू आयकणार नाईस. जुन्या वर्तमानपत्राचा कपटाही तुह्यानं फेकवत नाई, अन् हा तं हसणारा माणूस हाय. तरी मोडशीन का?