गोळी फुटली म्हणजे

मँचेस्टर

प्रिय माय,

तुया रेणूचा नमस्कार. बाबा वाचून दाखवतीन, तू चुलीवरून उठून आयक.

परवा फोनवर मी खुशीनं म्हटलं, "माय, आज गोळी फुटली!" तर तू रडायलेच लागली. शेजारच्या शामकलाकाकूले वाटलं, इथं बॉम्बच फुटला. अवो माय, फुटली म्हणजे नुसती तडकली.

अणुभट्टीत इंधनाच्या गोळ्या रायते, त्याची ही नक्कल हाय. नखाएवढी, आपल्या छपरावरच्या कवेलूसारखी भाजलेली. युरेनियम तिच्यात नाही, भिऊ नको. तापवली का मधातलं पोट फुगते, काठ थंडाच रायते, अन् मग तडा जाते. कडक उन्हात वाळवलेल्या धानाचा दाणा तडकते ना, तसंच.

मी काचेतून पाहून राहिली होती. लाल निखाऱ्यावर एकाएकी चांदणी उमटावी, तशा भेगा पडल्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणे, खऱ्या भट्टीत तर बहुतेक गोळ्या पहिल्याच तापात तडकते. तरी आपल्या धातूच्या नळीत जागा न सोडता वर्षानुवर्षं काम करते. माय, फुटूनबी!

आपल्या गोरेगावच्या बाजारात कोणी विचारलं तर सांग, पोरगी काही फोडून नाही राहिली, फुटलेलं कसं टिकते ते पाहून राहिली.

धान कापून झालं का? मी पोटभर जेवतो.

बाबा म्हणे, तू बीपीची गोळी अर्धी फोडून घेऊन राहिली. काऊन वो? ती गोळी फोडू नको, माय. पुरी घे.

तुयी,
रेणू