रांगेत पहिली

१० जानेवारी, मेलबर्न

हरले. पात्रता फेरीच्या पहिल्याच सामन्यात. ऊन मी म्हणत होतं. पण ऊन समोरचीलाही होतंच की!

कुरिहारा सर म्हणाले, "पुढच्या वर्षी पात्रता फेरी नाही. थेट मुख्य ड्रॉ." सर दर जानेवारीत हेच म्हणतात. सात वर्षांची होते तेव्हापासूनचे माझे टेनिसचे प्रशिक्षक, त्यांना कोण बोलणार! या खेपेला मात्र मी बाबांना फोनवर सांगून टाकलं— हे शेवटचं वर्ष. पुढच्या जानेवारीत इथल्या मुख्य ड्रॉमध्ये थेट नाव लागलं तर खेळत राहीन. नाहीतर मात्सुयामाला परत, तुमच्या क्लबात पोरांना शिकवायला. बाबा "बरं" म्हणाले. खूश झाले की काय, कळलं नाही.

२१ मे, पॅरिस

हरले. लाल माती मोज्यांतून निघत नाही. मोजे फेकून दिले.

२ जुलै, लंडन

मी कधीच बाहेर, चिहारू तिसऱ्या फेरीत. शाळेतल्या शिबिरापासून आमची खोली एकच. ती घोरायची आणि सकाळी शपथेवर नाही म्हणायची. आज तिचं नाव वरच्या पन्नासांत आहे आणि मी शंभराच्या बाहेर घिरट्या घालतेय.

हेवा वाटतो का? वाटतो. इथे कोण वाचतंय. पण तिच्या शेवटच्या गेमला माझ्याच तळहातांना घाम फुटला होता, तेही तितकंच खरं.

२६ ऑगस्ट, न्यूयॉर्क

पात्रता फेरी पार केली, वर मुख्य ड्रॉमध्ये एक सामनाही जिंकले! सर रडले आणि म्हणाले, डोळ्यांत धूळ गेली. नंबर बराच वर सरकणार. बाबांना फोन केला नाही. नजर लागते.

१२ ऑक्टोबर, ओसाका

पात्रता फेरीचा शेवटचा सामना हरले. हातातला घालवला. पण हरलेल्यांमध्ये माझं रँकिंग वरचं, म्हणून 'लकी लूझर'च्या रांगेत मी पहिली. मुख्य ड्रॉमधली कुणी आजारी पडली, कुणाचा पाय मुरगळला, की तिच्या जागी मी. तोवर रोज सकाळी जाऊन सही करायची, कपडे करून, बूट बांधून बसायचं आणि कुणाचं तरी वाईट व्हायची वाट बघायची. याला लकी म्हणणाऱ्याला एकदा बसवायला हवं इथे.

सरांनी हिशेब मांडला. इथे एक सामना जिंकला की मेलबर्न पक्कं. यानंतर या वर्षात संधी नाही.

१३ ऑक्टोबर

दिवसभर खेळाडूंच्या बसायच्या खोलीत. कोण खोकतंय, कोण लंगडतंय, कुणाचा खांदा बांधलाय— डोळे तिकडेच जातात. एक झेक मुलगी फिजिओकडे गेली तर माझ्या पोटात चक्क गुदगुल्या झाल्या. थोड्या वेळाने ती हसत बाहेर आली.

सर म्हणाले, "अगं, गिधाडासारखी बघू नकोस. सगळ्यांना कळतं." ते चेष्टा करत होते. मी ओनिगिरीचा अर्धा भातगोळा परत डब्यात ठेवला. खरंच सगळ्यांना कळत असणार. इथे कोण कशासाठी बसलंय हे कुणापासून लपतं?

१४ ऑक्टोबर

चिहारू काल संध्याकाळी वुहानहून आली. आज दुपारी तिचा पहिला सामना. हे तिचं गाव. आई, शेजारीपाजारी, शाळेतल्या बाई, सगळे यायचे होते.

सकाळी सही करून कपडे बदलायच्या खोलीत गेले, तर ती एकटीच मोजा काढून बसलेली.

"बरं झालं आलीस. हे बघ ना जरा."

घोटा सुजला होता. हात लावला तर कढत. तिने ओठ घट्ट मिटले.

"वुहानला मुरगळला. कुणाला बोलले नाही अजून. नात्सुए, खेळू का गं मी? खरं सांग."

खरं काय ते माझ्या हाताला कळलं होतं. नको खेळूस— एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणणार कोण? मी! जिच्या पदरात ती जागा पडणार, ती! मला वाटलं, ही पारखून बघतेय मला. आयुष्यभर लक्षात ठेवेल की माझा पाय सुजला तेव्हा नात्सुए 'माघार घे' म्हणाली.

"घट्ट बांध आणि खेळ," मी म्हणाले. "घरचं कोर्ट आहे. काकू आल्यात."

"नक्की?"

"नक्की."

पट्टीही मीच बांधून दिली. बाहेर आले तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

दुसऱ्या सेटमध्ये ती बॅकहँडला धावली आणि पाय आत वळला. किंचाळली नाही, नुसती खाली बसली. मग उठताच येईना. चाकाच्या खुर्चीतून नेली. काकू वरच्या रांगेत उभ्या होत्या, हातात तिचं नाव लिहिलेला टॉवेल तसाच.

सामना सुरू झाला की ती जागा कुणालाच मिळत नाही.

१५ ऑक्टोबर

सही करायला गेले नाही. आणि आज नेमकी एकीने माघार घेतली! रांगेतल्या दुसरीला जागा मिळाली. सर कधी आवाज चढवत नाहीत, आज चढवला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" काय सांगू त्यांना. मेलबर्न गेलं. मात्सुयामा.

२० ऑक्टोबर

चिहारूचं ऑपरेशन झालं. पुढचं अख्खं वर्ष गेलं, कदाचित सगळंच. डॉक्टर म्हणाले म्हणे, त्या दिवशी खेळली नसती तर दोन-तीन आठवड्यांत चालती झाली असती. तिचा मेसेज आला— 'येतेस की नाही? आई सफरचंदं सोलून सोलून जीव घेतेय.'

गेले नाही.

२ नोव्हेंबर

आज गेले. काकू खाली चहा आणायला गेल्या तेव्हा सगळं सांगितलं. रांग, कढत घोटा, मी खोटं का बोलले ते. रडले नाही, रडायचा हक्क नव्हता.

चिहारूने सफरचंदांची बशी बाजूला सारली.

"तू रांगेत होतीस? मला कुठे माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, एक तुझंच यात काही अडकलेलं नाही. म्हणून तर तुला विचारलं."