राजानं दगडावर चढायचं

पोलादपूर,
१२ जानेवारी १९८६

प्रिय श्रीपत,

'प्रिय' हे सवयीने लिहून झालं. आता खोडत बसत नाही, पण पुढचं वाचताना त्याच्यावर फार भरवसा ठेवू नकोस. तुझं पत्र मिळालं. सव्वीस जानेवारीला महाडला वाचनालयात तुझा सत्कार आहे, शाल-श्रीफळ मिळणार आहे, आणि स्टेजवर आपल्या गौतमीने तुला गुच्छ द्यावा अशी तुझी हौस आहे. भाचीच्या हातून मिळाला तर बरं वाटेल, असं लिहिलंयस. वाटेल हो तुला बरं! तिला काय वाटेल, ते विचारलंस? माझी गौतमी गेल्या मंगळवारपासून शाळेत गेलेली नाही. ओरडून बघितलं, गोंजारून बघितलं. ह्यांनी तर तिला खांद्यावर टाकून शाळेच्या फाटकापर्यंत नेली, तर तिथून रडत पळत घरी आली. तिसरीतली पोर, वर्गात पहिली नाहीतर दुसरी येणारी, ती आता पुस्तकाला हात लावत नाही. आणि ह्याला कारण तू आहेस. हो, तूच, तिकडे मुंबईत बसून.

तुझ्या लोहसरदाराच्या चित्रकथेचे अंक इथे कसे खपतात, ते तुला तिकडे कळायचं नाही. एसटी स्टँडच्या स्टॉलवर सकाळी येतात आणि दुपारपर्यंत संपतात. ज्यांना घेता येत नाही ती पोरं एकाच्या खांद्यावरून दुसरं डोकावून वाचतात. अंगभर लोखंड, तोंडावर जाळी, घोड्याच्या जागी मोटारसायकल, काखेत भाला, आणि घाटात चोरट्या मालाचे ट्रक अडवतोय. पहिला अंक बघून मला हसूच आलं होतं. एका हाताने भाला धरलाय, तर मेल्या, क्लच कोण दाबतंय? पण अभिमानही वाटला होता, खोटं कशाला बोलू. डोंगरात मी शिकवते त्या शाळेत तो अंक घेऊन गेले, पोरांना दाखवला, म्हटलं हे माझ्या धाकट्या भावाने काढलंय. आणि तुझ्या त्या सरदाराला मी लगेच ओळखलं होतं. तो कुठून आलाय ते माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार?

आबा महाडच्या बाजारात हमाली करायचे, तेव्हाची गोष्ट. किराणा दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीत एक पुस्तक होतं. आत घोड्याचं चित्र दिसलं म्हणून आबांनी ते शेटजींकडून मागून आणलं. त्यांना वाचता येत नव्हतंच. पुढची पानं गुळामिरचीत गेलेली, शेवटचीही गेलेली. कुठल्याशा परदेशातल्या राजाचे ते सरदार. कुणी राक्षसावर चालून जातोय, कुणी किल्ल्यात कोंडलेली राजकन्या सोडवतोय. मी तुला वाचून दाखवायचे आणि पान फाटलेलं असलं की पुढचं मनाने रचून सांगायचे. तू सहा-सात वर्षांचा, शेंबडा, पण खेळताना राजा तूच होणार. नाहीतर भोकाड पसरायचास. मग सरदार कोण? मी. डोक्यावर पातेलं, डाव्या हातात ढाल म्हणून सूप. आणि तुझ्या हातात आईचं उलथनं, ती राजाची तलवार.

त्या पुस्तकात एक पानभर चित्र होतं. सरदार गुडघा टेकून बसलाय आणि राजा त्याच्या खांद्याला तलवार लावतोय. अगदी तसंच करायचं, असा तुझा हट्ट. शिवाय मी उभी राहिले की तुझा हात माझ्या खांद्याला पोचायचा नाही. म्हणून मी अंगणात गुडघा टेकला, आणि नेमके तेवढ्यात आबा आले. आठवतं का रे? त्यांनी माझ्या काखेत हात घालून मला अशी खसकन वर उचलली की डोक्यावरचं पातेलं घरंगळत गोठ्यापर्यंत गेलं. मला वाटलं, आता मार बसतो. मारलं नाही. नुसते म्हणाले, माझा बाप चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी प्यायला, आन त्याची नात गुडघा टेकणार? नाय. खेळात पन नाय. एवढंच बोलले. तू रडायला लागलास, माझा हात पोचत नाय, मग हिला सरदार करू कसा? तेव्हा आबांनी आईच्या धुणं धुवायच्या दगडाकडे बोट केलं. म्हणाले, राजाला चढव त्याच्यावर. सरदार हाय तसा उभा ऱ्हाईल.

तेव्हापासून आपल्या वाडीत सगळ्या पोरांचा तोच कायदा झाला. सरदार ताठ उभा राहणार आणि राजा दगडावर चढणार. राजा त्या दगडावरून घसरून पडायचासुद्धा. तुझ्या हनुवटीवरचा व्रण त्याचाच आहे. रोज दाढी करताना आरशात दिसत असेल की तो. तिथे तुला आबा आठवत नाहीत का?

आता तुझा तो चौथा अंक घे समोर आणि मधली दोन पानं उघड. लोहसरदाराने डोंगरातलं एक गाव गुंडांच्या तावडीतून सोडवलंय. आणि गावकरी काय करतायत? रांगेने गुडघे टेकून, हात जोडून, माना खाली घालून बसलेत. तुझा तो लोखंडी बाबा एकेकाच्या खांद्याला तलवार लावत चाललाय. मागे आपली वाडी. तो फणस आपला, विहाराचं छप्पर आपलं, साळूबाईचं कोपऱ्यावरचं कुडाचं घरसुद्धा आहे. हात तर तुझा पहिल्यापासून चांगला, कुणीही ओळखावं असं काढलंयस. आणि रांगेत सगळ्यात पुढे बसलेली ती बाई, हनुवटीवर गोंदण, डाव्या कानाची पाळी तुटलेली. श्रीपत, तू आईला गुडघ्यावर बसवलंस! लाज नाही वाटली तुला? हात कसा धजला तुझा?

आणि आई बिचारी चष्मा लावून ते बघत बसली. लेकाने काढलंय म्हणून अर्ध्या वाडीला दाखवून आली. मग मला विचारते, गो ललिता, ह्या बायेचा काय पडलाय? काय शोधतेय ती खाली बसून? आणि सगळीच शोधतायत, सोनं सांडलं की काय कुणाचं? साठी उलटलेल्या बाईला त्या बसण्याचा दुसरा अर्थ सुचलाच नाही रे. मी म्हटलं, सुई पडलीय. दुसरं काय सांगणार होते मी तिला? ती म्हणाली, मग मान अजून खाली घालायला पायजे होती, येवढ्या लांबून सुई दिसत नाय. आणि हसली. मी चुलीपाशी जाऊन रडले.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. प्रकाशकाला तसंच हवं होतं. गोष्ट दुसऱ्याने लिहिली, मी फक्त चित्रं काढतो. सरदारांच्या गोष्टीत गुडघे टेकतातच, जगभर टेकतात. डोंबल तुझं जग! जगभर टेकत असतील, आपल्या अंगणात टेकत नव्हते, आणि तो सरदार तू जगातून नाही उचललास, आपल्या अंगणातून उचललास. पातेलं घेतलंस, सूप घेतलंस, तलवार घेतलीस, मग तेवढा दगडच कसा राहिला रे? दगड काढायला अशी कितीशी शाई लागणार होती?

आणि ते मुखपृष्ठावरचं नाव. श्रीपत महाडकर. तुला मुंबईत आडनाव ऐकून खोली मिळत नव्हती, दारात उभं करून परत पाठवत होते, हे तू माझ्याजवळ रडत सांगितलंयस. म्हणून त्या नावाबद्दल मी आजवर अवाक्षर काढलं नाही. आजही काढलं नसतं. पण त्या नावाची शिक्षा माझ्या पोरीने भोगली, म्हणून काढते.

काल गौतमीला न्हाऊ घालताना तिच्या गुडघ्यांवर खपल्या दिसल्या. खेळताना पडलीस का, विचारलं, तर रडायला लागली, आणि मग सगळं सांगितलं. सोमवारी मधल्या सुट्टीत पोरं लोहसरदार खेळत होती. सरदार नेहमी वरच्या आळीतल्या रावजींचा नातू, आणि गावकरी व्हायचं कुणी, तर आपल्या वाडीतल्या पोरांनी. ते कसं आपोआप ठरतं, ते तुला सांगायला नको. बाकीची बसली, ही बसेना. म्हणाली, हे चित्र माझ्या मामाने काढलंय, मी सरदार होणार. पोरं हसली. महाडकर तुझा मामा कसा गो? खोटारडी. त्या पोराने तुझं पान तिच्यासमोर धरलं, तुझा मामा हाय ना, मग मामाच्या पुस्तकात हाय तशी बस. आणि ती बसली रे! कुणी ढकललं नाही, कुणी मारलं नाही. तू तिचा मामा आहेस हे खरं करून दाखवायला ती तिथे खडीवर बसली. त्यांनी तिच्या खांद्याला तलवारीची फूटपट्टी लावलीच नाही. घंटा झाली, सगळी आत पळाली, आणि ही तशीच, हात जोडून. खांद्याला तलवार लागल्याशिवाय उठायचं नसतं, पुस्तकात तसंच आहे. बाईंनी हाक मारेपर्यंत ती बसून होती आणि वर्ग खिडकीतून हसत होता. मला विचारते, आई, मामाने आजीला पण बसवलंय, मग मी बसले तर सगळी का हसली? तू दे ह्याचं उत्तर.

म्हणून हे पत्र. गुच्छबिच्छ काही मिळणार नाही. तू शनिवारी, सत्काराच्या आदल्या दिवशी ये. महाडला उतरू नकोस, थेट वाडीत ये, दुपारी, पोरं घरी असतात तेव्हा. आईचा दगड तिथेच आहे. गौतमीला मी त्याच्यावर उभी करीन आणि उलथनं तिच्या हातात देईन. तू खाली उभा राहायचंस, आईच्या आणि साऱ्या वाडीच्या देखत, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंस. तिला पटलं तर ती उलथनं तुझ्या खांद्याला लावील, मग कदाचित सोमवारी शाळेतही जाईल. नाही पटलं तर नाही लावणार, आणि मी तिला सांगणारसुद्धा नाही लाव म्हणून. ती जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ उभा राहा. आणि गहिवर येऊन तिच्यापुढे गुडघे टेकायचं नाटक मात्र करू नकोस. आबा नाहीत, पण मी आहे. काखेत हात घालून उचलीन.

अजून तरी तुझीच,
ललिताताई