करगोट्याची गाठ

तू एकदाही "नाय" म्हणाला नाहीस, याचा राग अजून आहे मला, बाबा. सगळं जासई गाव म्हणत होतं, याचं पोट दारूनं सुटलंय, चोरून पितो. आणि तू मिठागरावरून येऊन गुमान जेवायला बसायचास, चार घासांत पोट भरलं म्हणून ताट सारायचास.

हातपाय काठ्यांसारखे आणि पोट घागरीएवढं, बेंबी बाहेर आलेली. कमरेचा करगोटा कातडीत रुतला की गाठ सोडून पुढे बांधायचास. दोरा पुरेना तेव्हा आयनं नवा लांब आणला आणि मला म्हणाली, "जा गो, बापूस निजलाय, त्याचं तोंड हुंगून ये." मी हुंगलं. तंबाखू आणि मीठ, दुसरं काही नाही. तिला तसं सांगितलं, तरी ती तुझ्याकडे बघायची ते संशयानंच.

आता माझं पोट तसंच झालंय. पायही सुजलेत, उताणी पडले की धाप लागते. पनवेलच्या डॉक्टरनं मला निजवून पोटावर बोटं वाजवली. मध्ये पोकळ, कुशीला बद्द. मग कुशीवर वळवलं, तर आवाजानंही जागा बदलली. म्हणाला, "आजी, पोटात पाणी झालंय. कधी दारू घेत होतात का?"

सोबत आलेली सून खाली बघून हसली. मी म्हटलं, "तुझ्या घरी येऊन प्यायले का रं?"

तोही हसला. मग नीट सांगितलं त्यानं. दारूनं लिव्हर जातं नि पाणी भरतं, पण एक कावीळ रक्तात वर्षानुवर्षं दडून बसते, तीही लिव्हर खाते. हृदय थकलं, किडनी बिघडली, पोटात टीबी नाहीतर गाठ झाली, तरी हेच. कशानं झालं ते सुईनं पाणी काढून तपासलं की कळेल.

तेव्हा तुझे डोळे आठवले मला. पोट सुटायच्या आधी हळदीसारखे झाले होते, आय उसाचा रस पाजायची. कावीळच असेल, बाबा. नसेलही. तुझं पाणी कुणी तपासलंच नाही, नुसती तोंडं चालवली, आणि तू तसाच गेलास. माझ्या मागं कुणी तशी चालवू नयेत, म्हणून उद्या सुई टोचून घेते. इथं दवाखान्यात नर्स रोज टेपानं माझं पोट मोजते. मला तुझा करगोटाच दिसतो.

हे पत्र उशीखालीच राहील, कुठं धाडू? सुईला भिते मी, सुनेला कळायला नको. आणि जबाब तू देऊ नकोस, तू गप्पच बसशील. आयला द्यायला लाव. हुंगायला तिनं पाठवलं होतं.