सुहास फक्त गातो

२५ मे, रवि.
सु. आज गायला!
फेब्रुवारीत स्ट्रोक आला तेव्हापासून उजवी बाजू लुळी आणि तोंडातून एकच, 'हं'. हवं असलं तरी हं, नको असलं तरी हं. आज मी किचनच्या कपाटातल्या बरण्या पुसत होते. फोनवर त्याच्या लाडक्या गायकाचं, दारिओचं, जुनं गाणं लागलं, होड्या परत येतात ते. मागून आवाज. वाटलं फोनच. वळून बघते तर सु. खुर्चीत ताठ, डोळे मिटलेले, इटालियनमधलं अख्खं कडवं. एक शब्द चुकला नाही.
त्याच्या पायाशी जाऊन बसले. गाणं संपल्यावर विचारलं, "सुहास, मी कोण?"
"हं."

२७ मे, मंगळ.
ऑर्लाला फोन, स्पीच थेरपिस्टला. ती खूश. म्हणे बोलणं आणि गाणं मेंदूत एका जागी नसतं. बोलण्याची बाजू गेली, गाण्याची शाबूत आहे. "दॅट्स युअर वे इन, मेधा."
असेल. पण वाट इटालियनमधून?
लग्नाआधी हा दोन वर्षं तोरिनोला प्रोजेक्टवर. एकटा, भाषा येत नाही. दारिओ व्हेल्मोन्तेची गाणी ऐकून ऐकून इटालियन शिकला. मला बघायला आला तेव्हा दारिओचीच कहाणी सांगत बसला. बंदरावर क्रेन चालवणाऱ्याचा मुलगा, लोकांच्या लग्नांत गिटार वाजवायचा, स्वतः लिहायचा, पहिल्याच अल्बमनंतर स्टेडियमं भरायला लागली. मी मनात म्हणत होते, हा मुलगा स्वतःबद्दल कधी बोलणार?
पुढे दारिओच्या घशाचं ऑपरेशन झालं, तो गप्प झाला. सु. त्या आठवड्यात नीट जेवला नव्हता. मी चिडवलं होतं त्याला.

१ जून, रवि.
सासूबाई आल्या, कराडहून इथे डब्लिनला. इतक्या लांब पहिल्यांदाच. मुलाला बघून रडल्या नाहीत. पिशवीतून खोबरेल काढलं, त्याच्या डोक्याला लावलं, भांग पाडला.
संध्याकाळी लेकीने, ईराने गाणं लावलं. "आजी, वॉच धिस!" सु. गायला. आजी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग हळूच, "लेकरू परक्याच्या भाषेत गातंय बघ. मला आई म्हनंना."
ईरा मराठी बोलत नाही, पण समजतं सगळं. वर गेली, खोलीचं दार लावून घेतलं.

७ जून, शनि.
दारिओ परत गातोय! इतक्या वर्षांनी उन्हाळी टूर. आधी इटलीतली गावं, मग इकडे तिकडे, जुलैत डब्लिन. समुद्राकाठच्या मैदानात. ईराने मला न विचारता तिकिटं काढलीसुद्धा. "ही नीड्स धिस, मम."
सु.ला पोस्टर दाखवलं. डाव्या हाताने फोन ओढून घेतला तो जेवणापर्यंत दिलाच नाही.

१८ जून, बुध.
ऑर्लाची युक्ती: चाल त्याची, शब्द आपले. होड्यांच्या चालीवर 'पाणी हवं'. मी त्याचा डावा हात धरून टेबलावर ठेका देते, गाते. मेलं, मला सूर कुठे येतो. सु. हसतो आणि इटालियनच गातो.
आज एकदा, एकदाच, 'पाणी' आलं. स्वच्छ. सासूबाई पेला घेऊन धावल्या. त्याला तहान नसावी. तरी सगळं प्यायला.

२९ जून, रवि.
आता 'आई' बसवतोय. केवढासा शब्द. नाही येत. सासूबाई म्हणतात, "ऱ्हाऊ दे गं, त्येला तरास नको." म्हणतात, आणि रोज त्याची आंघोळ झाली की समोर खुर्ची ओढून बसतात.

६ जुलै, रवि.
काल दारिओचा कार्यक्रम. रात्री लिहवलं नाही.
घरून, ॲडम्सटाउनहून निघतानाच ढग, तिथे वारा. व्हीलचेअरवाल्यांना पुढे उंच फळ्या टाकल्या होत्या, त्यामुळे स्टेज अगदी समोर. इतकं जवळून दिसायला नको होतं.
दारिओ वाळलाय. गळ्याला रुमाल. पहिली दोन गाणी खालच्या पट्टीत, बरी गेली. तिसरं होड्यांचं. वरच्या सुराला आवाज फाटला. थांबला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मग तर आलाच नाही, नुसतं उघडं तोंड. हसला कसाबसा, गळ्याकडे बोट केलं, माइक लोकांकडे धरला. अख्खं मैदान गायला लागलं. ईरा गात होती. मीसुद्धा.
सु. गात नव्हता. दारिओच्या तोंडाकडे बघत होता. मग डावा हात उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवला. गाणं संपेपर्यंत तसाच.


१० जुलै, गुरु.
गाणंही बंद. लावलं की फोन पालथा घालतो. पुन्हा काही झालं का म्हणून स्कॅन केला. स्वच्छ. ऑर्ला म्हणाली, "फिजिकली ही'ज ग्रँड." म्हणजे शरीराने ठीक.
मला वाटतं, इतके महिने त्याला आपलं काय गेलंय ते पुरतं कळलं नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडावर दिसलं. हे ऑर्लाला सांगायला इंग्रजी सापडेना.
थेरपीलाही येत नाही. दाराची चौकट धरून ठेवली, सोडेचना. मी ओरडले. नको होतं ओरडायला.

१६ जुलै, बुध.
दारिओची पुढची टूर रद्द. बहुधा पुन्हा कधीच नाही, असं लिहिलंय. मी म्हटलं, सु.ला कळता कामा नये. ईराने ऐकलं नाही. त्याच्यासमोर खाली बसली आणि चक्क मराठीत, "बाबा, तो आता नाही गाणार. त्याचा आवाज गेला." उच्चार सगळे आयरिश.
सु. रडला. दवाखान्यात नव्हता रडला, आज रडला. तिला डाव्या हाताने जवळ ओढलं. मी किचनच्या दारातच उभी. जावं की...

२० जुलै, रवि.
सासूबाईंना एअरपोर्टवर सोडलं. त्यांनी सु.च्या तोंडावरून हात फिरवला. त्याने तोंड उघडलं. मान ताठ झाली, शिरा दिसायला लागल्या. आम्ही तिघी वाट बघत उभ्या. नाही आलं.
"ऱ्हाऊ दे बाळा. मला पोचलं."
आत जाताना वळून बघितलं नाही त्यांनी. पदर तोंडाला होता.

२२ जुलै, मंगळ.
आज थेरपीचा वार. येणार नाही कळवायला फोन उचलला, तेवढ्यात हॉलमध्ये धप्प. धावले. पडला नव्हता. जिन्याच्या पायरीवर बसलेला, बूट घालून. स्वतः, एका हाताने. डावा उजव्यात, उजवा डाव्यात.
"ऑर्लाकडे जायचंय?" मान डोलावली.
"की नुसतं बाहेर?" त्यालाही डोलावली.
बूट बदलून देते म्हटलं तर पाय मागे घेतला.
असू दे. गाडी काढते.