बी साइडवरची माणसं

बाबा,

तुमच्या त्या कॅसेटबद्दल लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्यावर रागावले तरी कोणी मला नावं ठेवणार नाही. आईनं ठेवली असती, पण तीही आता तिकडेच आहे. तेव्हा मोकळेपणानं रागावते.

नव्वद सालचे थंडीचे शेवटचे दिवस आहेत. कुवेतच्या शर्क भागात मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत आपण राहतोय, आणि शुक्रवारी सकाळी तुम्ही पुढच्या खोलीच्या भिंतींना पांघरुणं टांगताय. आवाज घुमू नये म्हणून. हार्मोनियम कपाटावर गेलीय आणि तिच्या जागी नवा कीबोर्ड आलाय, ज्याचं बटण दाबलं की आतूनच ठेका सुरू होतो. हॉस्पिटलात एक्स-रे काढून दमून आलेले तुम्ही रोज त्याच्याशी झटापट करत होतात. चाली तुमच्या, शब्द तिचे, आणि गाणार दोघं मिळून. ती म्हणजे तुमच्या हॉस्पिटलातली नर्स, चिपळूणकडची, इथे एकटीच राहणारी. तुम्हाला दादा म्हणायची, आईला वहिनी. मी तिला ताई म्हणायचं, हे तुम्ही मला न विचारताच ठरवून टाकलं होतंत. माझं काम काय, तर रेकॉर्डिंगच्या आधी फ्रिज बंद करायचा आणि टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायची. आईनं कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी झाली की सगळं पहिल्यापासून. “दुपारी पानात गाणीच वाढते मग,” असं म्हणत आई पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायची. मी मात्र बटणांपाशी बसून राहायची. चालता-बोलता येऊ लागल्यापासून तुमच्यासमोर सा लावून बसणारी मुलगी मी, आणि तुमच्या पहिल्या कॅसेटमध्ये माझं काय, तर बटण दाबल्याचा खट्ट आवाज.

मी एकदा विचारलंही होतं, आठवतं का? “एक तरी गाणं मी म्हणू का?” तुम्ही कीबोर्डवरून वर न बघता म्हणालात, “तुझा सूर बरा आहे गं, पण गाताना तू बघत असतेस कोण ऐकतंय ते. ती तसं बघत नाही.” ती तिथेच होती. खाली मान घालून साडीच्या पदरानं घाम पुसत होती. तिनं मला सावरून घ्यायला काहीतरी बोलायला हवं होतं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, बोलली असती तर मी तिला जास्तच शिव्या दिल्या असत्या.

कॅसेट तयार झाली आणि तुम्हाला ती कल्पना सुचली. तेव्हा आपल्याकडे पत्रांपेक्षा बोलक्या कॅसेटीच जास्त जायच्या-यायच्या. आजी त्यात मधेच खोकायची, मामा कांद्याचा भाव सांगायचा. तसंच तुम्ही केलंत. गाणी सगळी ए साइडला आणि बी साइड कोरी. ऐकून झालं की त्यावर बोला आणि कॅसेट परत द्या, असं प्रत्येकाला सांगितलंत. दस्मानच्या डॉक्टरांपासून महबूलाच्या सुतारांच्या खोलीपर्यंत कॅसेटी गेल्या, आणि रात्रीची जेवणं झाली की आपल्याकडे त्या परत आलेल्या कॅसेटींचा दरबार भरू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गोड आहे हो, पण तबल्याशिवाय भावगीत म्हणजे फोडणी न घातलेली आमटी.” तुम्ही खो खो हसलात. कोणी म्हणालं, हे सिनेमासारखं आहे. कोणी म्हणालं, सिनेमासारखं नाही हेच बरं. एका काकांनी तुमच्या आवाजाला जेमतेम पास केलं. पण तिच्या आवाजावर आले की सगळे मऊ व्हायचे. सुतारांच्या खोलीतून आलेल्या कॅसेटीत मागे पंखा घरघरतोय आणि एक जाडा आवाज सांगतोय, “सायबानू, गाणी बरी असत. पण त्या बायेचो आवाज ऐकान आमच्यातलो एकटो रडाक लागलो. आता तेका गप कोण करतलो?”

आणि मग ती बँकेतल्या काकूंची कॅसेट. “तुमच्या लेकीचा गळा काय हो! दृष्ट काढा तिची.” खोलीत सगळे हसले. ती लाजून हसली, आई हसली, तुम्ही तर डोळे पुसत हसलात. पुढच्या शुक्रवारी त्या काकू भेटल्या, तेव्हा तुम्ही त्यांची चूक दुरुस्त कराल म्हणून मी तुमच्या शेजारी जाऊन मुद्दाम उभी राहिले. तुम्ही म्हणालात, “हो, मेहनती आहे.”  बाबा, मी तिथेच होते.

जुलैत आई आणि मी सुट्टीला डोंबिवलीला मामाकडे आलो. तुम्हाला रजा मिळाली नाही. ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि फोन बंद झाले. आईचं खाणंपिणं तुटलं. मामाकडे कोणाच्याही चपला वाजल्या की आम्ही दोघी दाराकडे धावायचो. एके दिवशी तुमच्याकडून पत्ता घेऊन तो जाड्या आवाजाचा सुतार दारात उभा राहिला. जॉर्डनमार्गे आला होता, अजून गावीही गेला नव्हता. आवाजावरूनच मी त्याला ओळखलं. “सायेब बरे असत, वहिनी. हास्पिटलातून सोडूक नाय तेंका.” आई रडली. मीही रडले. जिवात जीव आला होता. पण तो माणूस पाणी पिऊन पुढे सांगू लागला. वाळवंटातून येताना बसमध्ये ड्रायव्हरनं त्या सुतारांनी नक्कल करून ठेवलेली तुमची कॅसेट लावली, ज्यांना मराठी कळत नव्हतं तेही गप्प बसून ऐकत होते. आणि मग म्हणाला, “बायव थंयच असा. सांजेक दोघांय वॉर्डात गायतत. पेशंट वाट बघतत.”

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही जिवंत आहात हे कळल्यावर माझ्या मनात दुसरा विचार आला तो हा, की ती तिथे आहे आणि मी इथे. बॉम्ब पडत असतील, पाणी नसेल, तिथे जाणं म्हणजे मरण, हे सगळं कळत होतं. तरी मला तिचा हेवा वाटला. त्या बसमधल्या परक्या लोकांचाही वाटला. आमच्या कानावर तुमचा एक शब्द पडत नव्हता आणि ते रस्ताभर तुम्हाला ऐकत आले होते.

डिसेंबरात तुम्ही परत आलात, निम्मे होऊन. ती त्याच विमानात होती. आईनं तिला पोटाशी धरलं, मी तिची बॅग उचलली. युद्ध संपल्यावर एक्क्याण्णवच्या अखेरीस आपण कुवेतला परतलो. खिडक्यांच्या पडद्यांवर पेटवलेल्या तेलविहिरींच्या धुराची काजळी बसलेली, कीबोर्ड आणि टेपरेकॉर्डर कोणीतरी नेलेले. ती परत आली नाही, लग्न होऊन मस्कतला गेली. जो भेटेल तो तुम्हाला विचारायचा, “दुसरी कॅसेट कधी?” तुम्ही हात हलवून विषय बदलायचात. मग एका शुक्रवारी कपाटावरची हार्मोनियम तुम्ही खाली काढलीत. तिला कोणी हात लावला नव्हता. भात्यावरची धूळ पुसलीत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, “बसतेस का?”

मी म्हणाले, “मला कोणाच्या जागी बसायचं नाही.”

 तुम्ही “बरं” म्हणालात आणि एकटेच वाजवू लागलात. मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली पालेभाजी निवडायला घेतली. भाजी संपली तरी काड्या निवडत बसले होते, आणि कान तुमच्याकडे होता.

ती माझ्यापेक्षा चांगली गायची, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचं आता काही नाही. पण त्या सकाळी तुम्ही मला दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. विचारलं असतंत, तर मी ओले हात तसेच घेऊन आले असते.